एडिटर ऐकत नाही, मग तो कुणाचं ऐकतोय?

टॅब दाबला की दोन स्पेस यायला पाहिजेत असं सेटिंगमध्ये लिहिलंय, सेव्ह केलंय, एडिटर बंद करून परत उघडलाय, तरी चारच येतात. प्रोग्रामिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच, आणि मग बहुतेक जण काय करतात तर नेटवर सापडलेली आणखी एक ओळ सेटिंगमध्ये चिकटवतात, ती चालली नाही की आणखी एक, आणि महिन्याभराने त्या फाइलमधली कुठली ओळ कशासाठी आहे हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. मग ठरतं की एडिटर फालतू आहे, दुसरा टाकूया. दुसऱ्याचंही तेच होतं.

एडिटर तसा आज्ञाधारक असतो हो, फक्त त्याला आज्ञा देणारे पाच-सहा जण असतात आणि तुम्ही त्यातले एक. आमच्या गोव्यातल्या घरात जेवणाचं ठरतं ना, तसंच हे. सकाळी ठरतं की आज सुंगटांचं हुमण, म्हणजे कोलंबीची आमटी, बाबा म्हापशाच्या बाजारात जातात आणि सुंगटं महाग दिसली म्हणून बांगडे घेऊन येतात, आणि पिशवी ओट्यावर ठेवल्यावर आजीला आठवतं की आज सोमवार, म्हणजे शिवराक, मासे नाहीत. ताटात काय पडलं ते ज्याचा शब्द शेवटचा त्याचं. एडिटरच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत शोधायचं असतं ते एवढंच, की शेवटचा शब्द कुणाचा.

(पुढे कमांडी आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थात रोमन लिपीत करायच्या.)

व्हीएस कोड या एडिटरपासून सुरू करतो, कारण हल्ली कॉलेजातली पोरं सगळी त्याच्यावरच सुरुवात करतात. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला. त्याचे थर असे: सगळ्यात खाली डिफॉल्ट, त्याच्यावर यूजर सेटिंग म्हणजे तुमचं स्वतःचं, त्याच्यावर वर्कस्पेस सेटिंग म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं. हे वर्कस्पेसवालं प्रोजेक्टच्या फोल्डरात 'डॉट व्हीएसकोड' नावाच्या फोल्डरमध्ये सेटिंग्ज डॉट जेसन म्हणून पडलेलं असतं, आणि तुम्ही प्रोजेक्ट गिटवरून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) उतरवलात तर ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं. इथपर्यंत सोपं आहे. आता गंमत अशी की एखाद्या भाषेपुरतं केलेलं सेटिंग, म्हणजे 'फक्त पायथनसाठी टॅब चार' असं, ते बिनभाषेच्या सेटिंगला नेहमी हरवतं, मग ते खालच्या थरातलं का असेना. म्हणजे तुम्ही कधीकाळी यूजर सेटिंगमध्ये पायथनसाठी चार लिहून ठेवलं असेल तर आज प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये नुसतं दोन लिहून काही होणार नाही, पायथनच्या फाइलीत चारच येणार. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचतो कोण.

साखळीची माझी चुलत बहीण सध्या जावास्क्रिप्ट शिकते, तिचा मेसेज आला, "दादा, मी टॅबसाइज दोन केलंय, तरी हा चार घेतो, काय करू?" म्हटलं, अगो, खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच आधी. तिथे होतं 'स्पेसेस: ४'. म्हणजे एडिटरला या फाइलीपुरतं चार माहीत आहे, आणि ते त्याला सांगितलं कुणी? फाइलीनेच. व्हीएस कोडमध्ये 'डिटेक्ट इंडेंटेशन' नावाचं सेटिंग आहे, ते मुळातच चालू असतं, फाइल उघडली की तो आत बघतो, ओळी किती स्पेस सोडून सुरू होतात ते मोजतो आणि तुमचं टॅबसाइज बाजूला ठेवून फाइलीचं ऐकतो. तिने फाइल ट्युटोरियलमधून कॉपी केली होती, त्यात चार होते, झालं. माझ्या मते हे डिफॉल्ट बरोबरच आहे, दुसऱ्याच्या फाइलीत आपल्या स्पेस घुसवण्यापेक्षा बरं. पण हे असं आहे ते माहीत नसेल तर माणूस अख्खी संध्याकाळ त्याच्यात घालवतो. त्या 'स्पेसेस' वर क्लिक केलं की तिथेच बदलता येतं. आणि सेटिंगच्या पानावर वरच्या सर्चमध्ये 'अ‍ॅट मॉडिफाइड' टाकलं की तुम्ही बदललेली सेटिंगच तेवढी दिसतात, एखाद्याखाली 'आणखी कुठे बदललंय' असंही बारीक अक्षरात येतं, ती ओळ वाचायची सवय लावा.

आता विम, टर्मिनलमध्ये चालणारा जुना एडिटर. विम वापरणारे थोडे हट्टी असतात हे खरं, पण शेवटचा शब्द कुणाचा हे विचारायची सोय विममध्ये जितकी सरळ आहे तितकी मला दुसरीकडे दिसली नाही. कोलन देऊन 'व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ' आणि शेवटी प्रश्नचिन्ह, एवढं टाइप करायचं. शिफ्टविड्थ म्हणजे ओळ किती स्पेस आत सरकवायची ते. तो किंमत तर सांगतोच, शिवाय खाली सांगतो की हे शेवटचं कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर सेट झालं. पायथनच्या फाइलीत हे करून बघा, बहुतेकदा विमबरोबरच आलेल्या एफटीप्लगइन फोल्डरातल्या पायथनच्या फाइलीचं नाव येईल, कारण विम पायथनसाठी त्या भाषेच्या शिफारशीप्रमाणे चार स्पेस स्वतःहून लावतो. तुमच्या विमआरसीमध्ये, म्हणजे विमच्या तुमच्या सेटिंग फाइलीत, दोन लिहिलेलं असलं तरी ही फाइल नंतर वाचली जाते. मग उपाय असा की तुमची ओळ हिच्याही नंतर वाचली जाईल अशा जागी ठेवायची, त्यासाठी 'आफ्टर' नावाचं फोल्डर असतं, त्याच्यात एफटीप्लगइन, त्याच्यात पायथनची फाइल. एखादं बटण भलतंच काम करत असेल तरी हीच युक्ती, 'व्हर्बोज मॅप' आणि ते बटण. ईमॅक्स हा दुसरा जुना एडिटर, तो वापरणाऱ्यांना कंट्रोल-एच आणि मग के दाबलं की पुढचं बटण कुठल्या फंक्शनला जोडलंय ते कळतं, कंट्रोल-एच आणि व्ही दाबलं की व्हेरिएबलची किंमत.

विमचा आणखी एक प्रकार नवीन माणसाला हमखास चकवतो. विमआरसी नाहीच अशा मशीनवर विम उघडला की रंगीत अक्षरं वगैरे सगळं व्यवस्थित असतं. मग तुम्ही हौसेने विमआरसी करता, आत एकच ओळ, लाइन नंबर दाखव. आणि रंग गायब! एका ओळीने एवढं काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून विमबरोबर डिफॉल्ट्स डॉट विम नावाची फाइल येते, ती फक्त तुमची विमआरसी नसेल तेव्हाच आपोआप वाचली जाते. तुम्ही स्वतःची केलीत म्हणजे 'माझं मी बघतो' असं सांगितलंत, त्याने ऐकलं. विमआरसीच्या पहिल्या ओळीत ती डिफॉल्ट्सची फाइल सोर्स करा, म्हणजे वाचायला सांगा, सगळं परत येतं.

हे झालं कुठलं सेटिंग ते माहीत असताना. पण 'एडिटर स्लो झालाय', 'सेव्ह केलं की कोड उड्या मारतो', 'मध्येच हँग होतो' अशा तक्रारीत कुठल्या सेटिंगचा पत्ता काढणार? तिथे पहिलं काम म्हणजे सगळ्यांना गप्प करून एडिटर उघडायचा. विमला 'डॅश डॅश क्लीन', ईमॅक्सला 'डॅश क्यू' त्यातला क्यू कॅपिटल, व्हीएस कोडला टर्मिनलमधून 'कोड' आणि पुढे 'डॅश डॅश डिसेबल डॅश एक्स्टेन्शन्स'. तसा उघडूनही त्रास राहिला तर दोष एक्स्टेन्शनचा, म्हणजे एडिटरला वरून जोडलेल्या प्रोग्रामचा नाही, मग फाइल, फॉन्ट, ग्राफिक कार्ड, डिस्क असं बाहेर बघायचं. व्हीएस कोडच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा, ही कमांड एक्स्टेन्शन बंद करते, तुमची सेटिंग्ज तशीच राहतात. त्रास गेला तर गुन्हेगार आतलाच, आणि तो शोधायला अर्ध्या-अर्ध्याने कापत जायचं. बत्तीस एक्स्टेन्शन असतील तर आधी सोळा बंद, त्रास आहे का बघा, असेल तर उरलेल्या सोळातला कोणीतरी, नसेल तर बंद केलेल्यातला, मग आठ, चार, दोन, एक. पाच फेऱ्यांत सापडतो. एकेक बंद करत बसलात तर नशीब वाईट असताना एकतीस वेळा करावं लागेल. व्हीएस कोडमध्ये हे हाताने करायची पण गरज नाही, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'बायसेक्ट' टाइप करा, तोच अर्धी बंद करतो, विंडो परत लोड करतो आणि विचारतो, आता बरं आहे की वाईट. तुम्ही फक्त खरं उत्तर द्यायचं. विमआरसीसाठी मात्र हातानेच, अर्ध्या ओळी कॉमेंट करा आणि परत उघडा.

या पद्धतीला एकच अडचण, दोन एक्स्टेन्शन मिळून भांडण करत असतील तर ती गोंधळते, कारण एकेकटा दोघंही शहाणे असतात. सेव्ह केल्यावर कोड उड्या मारणं हे बरेचदा असंच असतं, एकाच भाषेसाठी दोन फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी नीट करणारे, बसवलेले, एक म्हणतो सिंगल कोट, दुसरा म्हणतो डबल. तिथे 'डिफॉल्ट फॉर्मॅटर' मध्ये एकाचं नाव स्पष्ट लिहायचं, आणि दुसरा काढूनच टाका, कशाला पाहिजे.

स्लो सुरू होण्याबद्दल फार सांगत नाही. विमला 'डॅश डॅश स्टार्टअपटाइम' आणि फाइलीचं नाव दिलं की कुठल्या प्लगइनने (विममध्ये एक्स्टेन्शनला हेच म्हणतात) किती वेळ खाल्ला ते लिहून मिळतं, व्हीएस कोडमध्ये 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' ही कमांड मिलिसेकंदात आकडे दाखवते. आकडे बघा आणि सगळ्यात वरच्याचं काय ते ठरवा.

लाल रेघांबद्दल मात्र जरा थांबायला पाहिजे. कोड बरोबर आहे, रन पण होतो, तरी एडिटर खाली लाल रेघा मारतो, किंवा डॉट दिल्यावर यादी यायची ती येत नाही. लोक एडिटरला शिव्या घालतात, पण हे काम एडिटर करतच नाही. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची, दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे जोडण्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, तेव्हापासून भाषेचं ज्ञान एका वेगळ्या प्रोग्राममध्ये असतं, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात, आणि एडिटर त्याला ठरलेल्या पद्धतीने विचारतो की या ओळीत चूक आहे का, इथे काय सुचवू. दोनशेच्या जागी तीसमध्ये काम भागतं. म्हणूनच आज नीओविम (विमचाच नवा अवतार) आणि व्हीएस कोड दोन्हीत तीच सूचना, तीच रेघ दिसू शकते. म्हणजे रेघ चुकीची आली तर बघायचं त्या सर्व्हरकडे. तो मेला असेल तर 'रीस्टार्ट' म्हणून शोधा, बहुतेक भाषांना कमांड आहे. तो काय बोलतोय ते व्हीएस कोडच्या आउटपुट पॅनेलमध्ये उजवीकडच्या यादीतून त्याचं नाव निवडलं की वाचता येतं, नीओविममध्ये 'चेकहेल्थ' करा. आणि पायथनमध्ये मॉड्यूल इन्स्टॉल केलंय, तरी इम्पोर्टखाली रेघ, हे असेल तर नव्वद टक्के खात्रीने सांगतो की इन्स्टॉल एका पायथनमध्ये झालंय आणि एडिटर दुसऱ्याला विचारतोय. 'सिलेक्ट इंटरप्रिटर' करा आणि जिथे पिप (मॉड्यूल इन्स्टॉल करायची कमांड) चालवलं तोच निवडा.

आता आपल्या कामाची गोष्ट, जी इंग्रजी लेखांत सापडत नाही: मराठी मजकूर.

समजा तुम्ही रायबंदर-चोडण आणि पणजी-बेती फेरीबोटींचं वेळापत्रक दाखवणारं छोटं पान करताय, आणि एका फाइलीत 'फेऱ्या' हा शब्द ठिकठिकाणी आहे. एडिटरमध्ये शोधलं तर अर्धेच सापडतात. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात, फॉन्ट तोच, आणि तरी एडिटर म्हणतो हा तो शब्द नाही. इथेही एडिटर खरं बोलतोय. हा जो आडवा र आहे, फेऱ्या, दऱ्या, सुऱ्या यांच्यातला, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला 'ऱ' आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्याच्यानंतर एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, ज्याला स्वतःची रुंदी शून्य. एका कीबोर्डवरून पहिला येतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि दोघांनी मिळून एक फाइल भरली की फेऱ्या आणि फेर्‍या असे दोन शब्द तयार. युनिकोड नॉर्मलाइज (सारखा मजकूर एकाच रूपात आणणं) करूनही हे दोन एक होत नाहीत, कारण त्या नियमांच्या हिशेबी ते वेगळेच आहेत. तेव्हा प्रोजेक्टमध्ये एक पद्धत ठरवा आणि दुसरी फाइंड-रिप्लेसने एकदाच बदला.

हे न दिसणारं चिन्ह सापडलं की व्हीएस कोड त्याच्याभोवती चौकोन काढतो, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फाइल करप्ट झाली. तसं नाही. २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं होतं की अदृश्य आणि दिशा बदलणारी चिन्हं कोडमध्ये लपवून वाचणाऱ्याला फसवता येतं, त्याच्यानंतर एडिटरांनी अशा चिन्हांकडे बोट दाखवायला सुरुवात केली. कोडमध्ये ते धोक्याचं असू शकतं, मराठी वाक्यात ते बिचारं आपलं काम करत असतं. 'युनिकोड हायलाइट' नावाच्या सेटिंगमध्ये या चिन्हाला परवानगी देता येते, सगळं सरसकट बंद करू नका.

विममध्ये वेगळीच मजा. मराठी टाइप करून झालं, एस्केप दाबलं, आणि कर्सर हलायलाच तयार नाही. कीबोर्ड अजून इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या मांडणीवर आहे. एच, जे, के, एल दाबताय म्हणून तुम्ही समजता, विमला मिळतंय प, र, क, त. ही चार अक्षरं आली कुठून माहीत आहे? बिल जॉयने १९७६ च्या सुमारास विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर बसायचा, त्याच्या याच चार बटणांवर बाण छापलेले होते. त्याला कुठे माहीत होतं की डिचोलीत कुणीतरी त्याच बटणांवर मराठी लिहिणार आहे. उपाय आहे, 'लँगमॅप' नावाच्या ऑप्शनमध्ये प म्हणजे एच, र म्हणजे जे असं लिहून द्यायचं, मग नॉर्मल मोडमध्ये (जिथे अक्षरं टाइप होत नाहीत, कमांडी होतात) कीबोर्ड न बदलता चालतं. हलन्त डी च्या बटणावर आहे, तेव्हा ओळ डिलीट करायची सवय असेल तर तोही घाला. कर्सर अक्षराच्या मध्येच दिसणं, जोडाक्षरं तुटणं हा मात्र बहुतेकदा टर्मिनलचा दोष, तो सगळं चौकटीत बसवायला बघतो आणि देवनागरी चौकटीत बसत नाही. मराठीचं जास्त काम असेल तर खिडकीवाला एडिटर वापरा, डोकं शांत राहतं.

टर्मिनलवरून आठवलं. विममध्ये सवयीने कंट्रोल-एस दाबलंत आणि सगळं गोठलं, तर खिडकी बंद करू नका. जुन्या टेलिटाइपच्या काळापासून टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे 'थांब' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू दे'. कंट्रोल-क्यू दाबा. मध्ये जे काही बडवलं असेल ते सगळं एकदम येईल, त्याला तयार राहा.

आणि पावसाळ्यात करंट जातो तेव्हाचं. डेस्कटॉप बंद, परत चालू केला, फाइल उघडली तर विम लांबलचक इशारा दाखवतो, ई-३२५, स्वॅप फाइल सापडली म्हणून. घाबरून डिलीटचं डी दाबणारे खूप पाहिलेत. ती फाइल म्हणजेच तुमचं न सेव्ह केलेलं काम. विम साधारण दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की तिच्यात लिहून ठेवतो, म्हणजे करंट गेला तरी शेवटच्या काही ओळीच जातात. आधी इशारा वाचा: तो प्रोसेस अजून चालू आहे असं म्हणत असेल तर तुमची फाइल दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडीच आहे, तिकडे जा. नसेल तर आर दाबून रिकव्हर करा, वेगळ्या नावाने सेव्ह करा, जुन्या फाइलीशी ताडून बघा, आणि मगच स्वॅप उडवा. ती उडवली नाही तर दर वेळी हाच इशारा येत राहतो. ईमॅक्स हेच काम दोन्ही बाजूंना हॅश चिन्ह असलेल्या फाइलीत करतो, व्हीएस कोड न सेव्ह केलेलं आपणहून परत आणतो.

राहिलं कस्टमाइझ करण्याचं. थीम, फॉन्ट, अक्षराचा आकार हे पाहिजे तेवढं बदला, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. स्पेस किती, ओळीचा शेवट विंडोजसारखा की लिनक्ससारखा, हे मात्र स्वतःच्या सेटिंगमध्ये ठेवू नका, कारण विंडोजच्या पद्धतीने सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही आणि गिटमध्ये एक शब्द बदलल्यावर अख्खी फाइल बदललेली दिसते. हे प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिग नावाच्या फाइलीत लिहा, ती विम, नीओविम, ईमॅक्स, व्हीएस कोड सगळे वाचतात, काहींना एखादं प्लगइन लागतं एवढंच. एडिटर बदलला तरी ती राहते, आणि एडिटर बदलतात, गिटहबने अ‍ॅटम २०२२ च्या डिसेंबरात बंद केला तेव्हा त्याच्यात वर्षानुवर्षं मांडलेली घरं लोकांना मोडावी लागली.

स्वतःची सेटिंग फाइल गिटमध्ये ठेवा, आणि दुसऱ्याची कॉन्फिग उचलून आणायची असेल तर सगळी आणू नका, एकेक ओळ वाचून आणा. व्हीएस कोडच्या सेटिंग्ज डॉट जेसनमध्ये कॉमेंट चालते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रत्येक ओळीच्या वर दोन तिरक्या रेघा मारून ती कशासाठी टाकली ते मराठीत लिहा, आडव्या र सकट.